एकशेवीस-ऐंशी

थोरल्या सिस्टरांना नावं लक्षात राहत नसत. एकाच लेबर रूममध्ये अठ्ठावीस वर्षं काढल्यावर किती नावं लक्षात राहणार? म्हणून बाई दाखल झाली की त्या आधी विचारत, "काय करतेस गं?" आणि ती जे सांगेल तेच तिचं नाव पडे. विटावाली, शाळावाली, कोंबड्यावाली. एकदा एक जण म्हणाली, "काही नाही करत, घरीच असते." सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे सगळंच करतेस," आणि ती दोन दिवस 'सगळंकरीण' होऊन राहिली. ऐन कळांमध्येसुद्धा बायका हसायच्या.

आरोग्यकेंद्र तसं लहानच. तीन टेबलांची लेबर रूम, तिला लागून आठ खाटांचा वॉर्ड, पुढे लांबलचक व्हरांडा आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टरांची खोली. पण थोरल्या सिस्टर आहेत म्हणून लांबलांबून बायका इथे यायच्या. पोटावर तळवा टेकला की बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे, अजून किती वेळ आहे, हे त्या घड्याळाकडे न बघता सांगत. डॉक्टर कुठे अडले तर त्यांनाच हाक मारत. आपल्या हाताचा त्यांना अभिमान होता, आणि तो पोकळ नव्हता.

अशा बाईच्या हातात एक दिवस यादी आली.

चार पानांची यादी. पहिलं पान बाई दाखल होताना भरायचं, दुसरं पान बाळ बाहेर येण्याच्या थोडं आधी, तिसरं बाळंतपणानंतर तासाभरात आणि चौथं घरी सोडताना. पानावर साधे प्रश्न, प्रत्येकापुढे एक चौकट. ही यादी शिकवायला एक तरुण बाई आल्या होत्या. सगळ्या त्यांना यादीवाल्या ताई म्हणू लागल्या. पहिल्याच पानावर 'हात धुतले का?' हे वाचून थोरल्या सिस्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"ताई, मी पहिलं बाळंतपण केलं तेव्हा तुम्ही पाळण्यात असाल."

"असेन," ताई म्हणाल्या. "आणि त्या पाळण्यापर्यंत मला तुमच्यासारख्याच कुणीतरी सुखरूप पोचवलं असणार. सिस्टर, तुम्हाला येत नाही म्हणून ही यादी नाही. सगळं येतं, म्हणूनच आहे. ज्याला येतं त्याचंच घाईत एखादं राहून जातं. विमान उडवणारेसुद्धा दर वेळी यादी वाचून मगच उडतात."

"विमानात एका वेळी पाच बाया कळा देत नसतात."

सगळी खोली हसली. ताईही हसल्या.

पहिला महिनाभर ताई रोज येऊन बसत, तेव्हा यादी नीट वाचली जाई. नंतर त्या पंधरा दिवसांनी येऊ लागल्या. मग पानं ड्युटी संपताना भरली जाऊ लागली, एका हातात चहा आणि एका हातात पेन. पुढे पुढे तर ड्युटी सुरू होतानाच. दिवसभरात वेळ मिळेल न मिळेल, हात रिकामे आहेत तोवर उरकून टाका, असा हिशेब.

त्यात वॉर्डातलं बीपीचं मशीन बिघडलं. पट्ट्याची नळी चिरली होती, हवा धरत नव्हती. थोरल्या सिस्टरांनी वर तीन पत्रं पाठवली. तिन्ही पत्रांना एकच उत्तर आलं, 'मागणी नोंदवली आहे.' दुसरं मशीन डॉक्टरांच्या खोलीत होतं, पण दर वेळी ते आणायला जायचं, तिथल्या पेशंटची गर्दी सारायची, परत नेऊन द्यायचं. कोण करणार? रिकाम्या चौकटीला जाब विचारतात, भरलेलीला कुणी विचारत नाही. म्हणून सगळ्याच बायकांच्या नावापुढे एकशेवीस-ऐंशी पडू लागलं.

ताईंनी एकदा गठ्ठा चाळला. "सिस्टर, सगळ्यांचंच एकशेवीस-ऐंशी?"

"आमच्याकडचं पाणीच तसं आहे."

या वेळी ताई हसल्या नाहीत. "मशीन बंद असेल तर 'मोजलं नाही' असं लिहा. मोकळी चौकट मला चालेल, सिस्टर. ती दाखवून मला वर भांडता तरी येईल. ही भरलेली घेऊन मी काय करू?"

"हो हो, लिहू," थोरल्या सिस्टर म्हणाल्या, आणि तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं म्हणून उठून गेल्या.

त्यानंतर पंधरवड्याने एक बाई सकाळी आठच्या सुमाराला चालत आली. काखेत कपड्यांची पिशवी, बरोबर सासू. सासू घामाने निथळत होती, ही मात्र शांत.

"कळा कुणाला येताहेत, तुला की ह्यांना?" सिस्टरांनी विचारलं.

"येताहेत मला, पण दुखताहेत त्यांना," ती म्हणाली.

सिस्टरांना ती तिथेच आवडली. "काय करतेस?"

"शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते. नुसती कॉलर. चार वर्षं झाली, अख्खा शर्ट काही नजरेला पडलेला नाही."

झालं, ती कॉलरवाली. तेव्हा डॉक्टर फेरीवर होते, त्यांचं मशीन हाताशी होतं. बीपी मोजलं गेलं आणि ते ठीक निघालं. हे दुसरं बाळंतपण. चार वर्षांची थोरली शेजाऱ्यांकडे ठेवून आली होती. नवरा फरशा बसवायचं काम करायचा, तो कामावरून परस्पर येणार होता. सासू तिच्या उशाशी बसून तिच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिली. दोघी सासू-सुना असतील असं कुणाला वाटलं नसतं. कळ आली की सूनच सासूला म्हणे, "घाबरू नका हो, होतंय."

दहाच्या आत मुलगी झाली. वार नीट पडली, रक्तस्राव बेताचाच. सिस्टरांनी बाळ तिच्या छातीवर ठेवलं.

"दुसरीही मुलगीच," कोपऱ्यातून आया पुटपुटली.

"बरं झालं," कॉलरवाली म्हणाली. "कॉलरला दोन टोकं लागतातच."

दुसऱ्या दिवशी वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती. पाच जणींना सोडायचं होतं आणि सात नव्या आल्या होत्या. केंद्राची गाडी दुपारी त्या पाचजणींच्या घरांच्याच बाजूला निघणार होती. ड्रायव्हर म्हणाला, सगळ्यांना एका फेरीत सोडतो, पण बारा म्हणजे बारा. थोरल्या सिस्टरांनी सकाळच्या चहाबरोबरच पाचही जणींचं चौथं पान भरून ठेवलं होतं. बीपी एकशेवीस-ऐंशी. डोकं दुखतं का? नाही. दिसायला त्रास होतो का? नाही. खाली सही.

बाराला पाच कमी असताना त्या कॉलरवालीचा कागद घेऊन तिच्या खाटेशी गेल्या. ती बाळाला दुपट्यात गुंडाळून तयार बसली होती. चेहरा किंचित सुजल्यासारखा वाटला. बाळंतिणीचा असतोच.

"सिस्टर, कालपासून डोकं फार ठणकतंय," ती म्हणाली. "आणि मधेच डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं होतं."

थोरल्या सिस्टरांचं बोट त्या वेळी त्याच प्रश्नावर होतं. त्यापुढच्या 'नाही'ची शाई सकाळीच वाळली होती. त्या क्षणी त्यांच्या मनात व्हरांड्याच्या टोकाची ती खोली येऊन गेली. पुढे कित्येकदा त्यांनी स्वतःला विचारलं, आली होती का खरंच? आणि दर वेळी उत्तर एकच निघालं, आली होती. पण बाहेर ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. आत टेबलावर कुणीतरी किंकाळी फोडली आणि धाकट्या सिस्टरची हाक आली, "सिस्टर, लवकर या!"

"रात्रभर पोरीनं जागवलंय ना," त्या म्हणाल्या. "जागरणाचं आहे ते. घरी जाऊन मस्त झोप काढ."

"दोन पोरी आणि झोप?"

"मी आहे ना," सासू म्हणाली. "मी झोपवते हिला. कुणाला जवळ फिरकू देत नाही."

सिस्टर वळून आत धावल्या. आतल्या बाईचं बाळ पायाकडून येत होतं. त्यांनी ते शर्थीने सोडवलं, दोघंही वाचली. दुपारी डॉक्टरांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली.

पाच दिवसांनी ड्रायव्हर लेबर रूमच्या दाराशी येऊन घुटमळला. थोरल्या सिस्टर उकळलेल्या कात्र्या मोजत होत्या.

"सिस्टर, ती आपली कॉलरवाली... गेली."

"कुठे गेली?"

ड्रायव्हरने नुसती मान हलवली. मग त्यांना कळलं.

"आपण सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. घरातच झटके आले म्हणे. टेम्पोत घालून मोठ्या दवाखान्यात नेत होते, पण वाटेतच."

त्यांनी कात्र्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मग हात पुसून कपाट उघडलं आणि गठ्ठ्यातून ते पान काढलं. अक्षर सुरेख होतं, कुठे खाडाखोड नव्हती.

महिन्याच्या बैठकीत डॉक्टरांनी तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला. "दाखल होताना ठीक. बाळंतपण सुरळीत. सोडताना बीपी नॉर्मल, काहीही तक्रार नाही. वाईट झालं, पण जे झालं ते घरी झालं. आपला कागद स्वच्छ आहे." सगळ्यांचा अडकलेला श्वास सुटला. यादीवाल्या ताई मात्र कागदाकडे बघत नव्हत्या, थोरल्या सिस्टरांकडे बघत होत्या.

"सिस्टर, तुम्हाला काही आठवतं का? जाताना काही म्हणाली होती?"

"नाही," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "चांगली होती. हसत गेली."

तेवढं मात्र खरं होतं.

घरी त्यांचे यजमान असत. पोस्टातून निवृत्त झालेले, मितभाषी. पोरं आपापल्या संसारात. त्या दिवशी जेवताना त्यांचा हात थांबलेला बघून यजमान म्हणाले, "बरं नाही का?"

"डोकं दुखतंय," त्या म्हणाल्या, आणि आपलंच वाक्य ऐकून घास ताटात ठेवून उठल्या. मोरीत जाऊन कितीतरी वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. यजमानांनी दोनदा हाक मारली, पण आत आले नाहीत. उभ्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं की लेबर रूममधलं काही बायको घरी आणते, पण दाखवत नाही.

दिवस जात राहिले. बाळंतपणं होत राहिली. यादीवर एकशेवीस-ऐंशी पडतच राहिलं, फक्त आता ते धाकट्या सिस्टरच्या अक्षरात. थोरल्या सिस्टर चौथ्या पानाला हात लावेनाशा झाल्या होत्या. त्यांनी तेवढंच केलं, आणि तेवढ्याने काही होत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

मग लसीकरणाचा दिवस आला. दीड महिन्याच्या डोसासाठी व्हरांड्यात रांग लागली होती. वजनकाट्याशी थोरल्या सिस्टर बसल्या होत्या. समोर एक म्हातारी बाळ घेऊन उभी राहिली. तशी ती म्हातारी नव्हती, दीड महिन्यापूर्वी नव्हती.

"ओळखलंत का? कॉलरवालीची सासू." ती हसायचा प्रयत्न करत होती. "तुम्हीच ठेवलेलं नाव. घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटली होती, मला सिस्टरांनी नाव दिलंय म्हणून."

सिस्टरांनी बाळ घेतलं आणि काट्यावर ठेवलं. बाळ बरं होतं. बाटलीच्या दुधावर होतं, पण अंग धरत होतं.

"तुमचे उपकार आहेत," सासू म्हणाली. "बाळंतपण किती सुखरूप केलंत. तुमच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही. दोष माझा आहे."

"तुमचा कसला?"

"त्या सकाळी मुलगा म्हणत होता, आई, हिचं डोकं थांबतच नाहीये, दाखवून आणू या. मीच म्हटलं, अरे, सिस्टर स्वतः म्हणाल्या जागरणाचं आहे, झोप हवी. उन्हातान्हात कुठे नेतोस ओल्या बाळंतिणीला? तो कामावर गेला. मी दोन्ही पोरींना घेऊन बाहेर बसले आणि दार ओढून घेतलं. आवाज नको म्हणून." तिने पदराने तोंड पुसलं. "आत काहीतरी पडलं. मला वाटलं, मांजर असेल. मी उठलेसुद्धा नाही लगेच. तिची झोप मोडेल म्हणून."

रांगेतलं एक मूल रडू लागलं. सिस्टर काट्याच्या आकड्याकडे बघत होत्या, पण आकडा दिसत नव्हता.

"तेव्हापासून मुलगा माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, खाली मान घालून जेवतो, उठतो. दीड महिन्यात एक शब्द नाही. त्याचंही बरोबरच आहे. दार मीच ओढलं होतं ना."

खरं काय ते थोरल्या सिस्टरांच्या ओठांवर आलं होतं. पण मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, आटपा की," आणि त्यांनी वजन लिहून बाळ परत दिलं. जाताना सासूने वाकून त्यांना हात जोडले.

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. ते जोडलेले हात मात्र सोसवेनात. आपण गप्प बसलो तर आपल्याला काही होणार नाही, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पण आपल्या गप्प बसण्याची शिक्षा त्या घरात दुसरीच बाई भोगत होती, रोज, दोन वेळा, ताट वाढताना.

रविवारी सकाळी त्या पत्ता शोधत गेल्या. दोन खोल्यांचं घर. जमीन उरल्यासुरल्या फरशांची, एक निळी, एक करडी, एक फुलांची, पण सांधे असे सरळ, जणू दोरी धरून बसवलेले. कॉलरवालीचा नवरा उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसून एक सुटलेली फरशी बसवत होता. चार वर्षांची पोरगी त्याच्या पाठीला टेकून बसली होती. आत सासू बाळाला बाटली पाजत होती. सिस्टरांना बघून ती लगबगीने उठली.

"अगंबाई, तुम्ही? या, या. बसा."

"बसत नाही," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "दोघांशी बोलायचंय."

नवऱ्याने मान वर केली.

त्या उभ्यानेच बोलल्या. वाटेत शंभर वेळा घोकलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच, तुटक. "तिनं मला सांगितलं होतं. निघताना. डोकं ठणकतंय, काजवे दिसताहेत, दोन्ही सांगितलं. या दोन गोष्टी ऐकल्या की बीपी मोजायचं असतं. मी मोजलं नाही. वॉर्डातलं मशीन बंद होतं, पण दुसरं होतं. डॉक्टरांच्या खोलीत. बत्तीस पावलांवर. नंतर मी मोजलीत ती पावलं. कागदावर मी सकाळीच लिहून ठेवलं होतं, सगळं ठीक आहे म्हणून. न बघता. मोजलं असतं तर ठेवून घेतली असती. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन असतं. ते कपाटात होतं आमच्या." त्यांनी सासूकडे पाहिलं. "झोप हवी, हे माझे शब्द होते. ह्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच ह्यांनी केलं. ह्यांचा काही दोष नाही."

बाटली रिकामी झाली होती आणि बाळ नुसतीच हवा ओढत होतं.

"वाचली असती?" नवऱ्याने विचारलं.

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"वेळेवर कळलं तर बहुतेकजणी वाचतात."

त्याने हातातली थापी खाली ठेवली. "किती पावलं म्हणालात?"

"बत्तीस."

"मी एक फरशी बसवली ना, सिस्टर," तो सावकाश म्हणाला, "तरी चारही बाजूंनी लेव्हल लावून बघतो. फरशीच असते ती. चुकली तर उखडून परत बसवता येते." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही जा आता."

सासू बाळाला घेऊन मटकन खाली बसली होती. "मी रोज तुमच्यासाठी देवाला हात जोडत होते," ती म्हणाली. "रोज. तुमच्यासाठी." आणि मग तिला रडू फुटलं. मोठ्याने, तोंडाला पदरही न लावता. दीड महिन्याचं साचलेलं रडू होतं ते.

"आजी, ह्या कोण?" पोरगी विचारत होती. तिला कुणी उत्तर दिलं नाही.

थोरल्या सिस्टर बाहेर पडल्या. चपला पायांत सरकवायला वाकल्या, तेव्हा आतून त्याचा आवाज आला. जड, खरखरीत, वापरात नसलेल्या कडीसारखा. "आई, ऊठ. फरशी गार आहे."

सोमवारी त्यांनी सगळं कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवलं आणि एक प्रत यादीवाल्या ताईंना दिली. डॉक्टरांनी वाचलं, दार लावून घेतलं. "सिस्टर, हे परत घ्या. दोन वर्षं राहिलीत तुमची. झाकली मूठ आहे ती झाकलेली राहू द्या. अख्ख्या केंद्राला भोवेल हे."

"भोवू दे."

"एवढी हजारो बाळंतपणं केलीत, त्याचं काय?"

"त्याचं मलाही कळत नाही, साहेब," त्या म्हणाल्या. खरंच कळत नव्हतं.

चौकशी झाली. थोरल्या सिस्टरांना लेबर रूममधून काढून केसपेपरच्या खिडकीत बसवलं. नोकरी गेली नाही, पण बाकी सगळं गेलं. ज्यांच्या चौकटी त्यांच्याइतक्याच खोट्या होत्या त्या सहकारिणी समोरून येताना वाट बदलू लागल्या. आणि ज्या मशीनसाठी तीन पत्रं गेली होती, तशी तीन मशीनं आठवड्याच्या आत आली. नवी कोरी, खोक्यात. ड्रायव्हरने ती उतरवली तेव्हा थोरल्या सिस्टर खिडकीतून बघत होत्या. एकेका पत्राला एकेक, असं त्यांच्या मनात आलं.

लेबर रूमची भिंत खिडकीला लागूनच होती. आता धाकटी सिस्टर यादी मोठ्याने वाचायची आणि आया मोठ्याने उत्तरं द्यायची. सुरुवातीला दोघी फुरंगटून वाचत, मग सवय झाली. कधीकधी ऐकू येई, "मोजलं नाही, तसं लिही." एका दुपारी आकडा आला, एकशे बासष्ट-एकशे आठ, आणि त्यापाठोपाठ धावपळ. त्या बाईला सोडायचं होतं, गाडी उभी होती. गाडी तशीच गेली. सहा दिवसांनी ती बाई आपल्या पायांनी चालत खिडकीशी आली, बाळाच्या टोपीची नाडी नीट करत. थोरल्या सिस्टरांनी तिचा कागद केला. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण तो आत कुठे शिरला ते सापडलं नाही. दिवसभर त्यांना नुसता कॉलरवालीचा आवाज येत राहिला.

नऊ महिन्यांच्या डोसाला सासू पुन्हा आली. खिडकीशी येईपर्यंत आत कोण बसलंय हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आल्यावर ती क्षणभर थांबली, पण रांग सोडून गेली नाही. बाळ आता गुबगुबीत झालं होतं आणि आजीच्या कानातलं ओढत होतं.

"मुलगा बोलतो आता माझ्याशी," ती म्हणाली. "तुमचा विषय मात्र घरात काढायचा नाही म्हणतो."

"बरोबर आहे त्यांचं."

"तुम्ही येऊन सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर मी त्या दारातच मेले असते." ती जरा थांबली. "पण माफ करणं माझ्याच्यानंही होत नाही हो. मनात आणते, आणि होत नाही."

"नका करू," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "मी मागायला बसलेली नाही."

"बाळाचं कार्ड लागेल ना?"

"हो."

कार्ड पिशवीच्या तळाशी होतं. एका हाताने ते निघेना. थोरल्या सिस्टरांनी न कळत खिडकीतून दोन्ही हात पुढे केले, बाळ धरायला. सासूने त्या हातांकडे पाहिलं. मग ती मागे वळली आणि रांगेतल्या एका अनोळखी बाईला म्हणाली, "जरा धरता का हो हिला?"

त्या बाईने बाळ घेतलं. सासूने पिशवी गुडघ्यावर ठेवून कार्ड शोधलं, त्याचा दुमडलेला कोपरा सरळ केला आणि खिडकीतून आत सरकवलं.

थोरल्या सिस्टरांनी हात मागे घेतले आणि पेन उचललं.

"वय?"

"नऊ महिने, चार दिवस."

त्यांनी लिहून घेतलं.